जिद्द, हमी आणि दिवाळे

उद्योगातील अपयशाविषयी मराठी चरित्रवाङ्मयात आणि उद्योजकतेवरील व्याख्यानांत एक मत जवळजवळ सिद्धान्तासारखे मांडले जाते, ते असे की अपयश ही मनोबलाची परीक्षा असून ज्याची जिद्द टिकते तो पुन्हा उभा राहतो. या पूर्वपक्षाला लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण हटकून जोडले जाते. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी त्यांचे लोखंडी नांगर घेईनात, पुढे बेळगावची जागा नगरपालिकेच्या वस्तीविस्तारासाठी सोडावी लागली, आणि तरीही 1910 साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली.

उदाहरण खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. जागा गेली तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. थोरले बंधू रामुअण्णा तर धंद्यात बरोबर होतेच. लक्ष्मणरावांची चिकाटी असामान्य होती यात शंका नाही, पण ज्याला असा संस्थानिक भेटला नाही त्याची चिकाटी कमी पडली, असे कोणत्या पुराव्याने म्हणता येईल? यश आले की जिद्द होती आणि न आले की नव्हती, असा हा चक्राकार युक्तिवाद आहे. शिवाय बुडालेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नसल्याने त्याला विरोधी पुरावाही सहसा भेटत नाही.

अपयश पेलण्याचा खरा आधार नुकसानीच्या मर्यादेत असतो. कायद्याने हे पूर्वीच ओळखले आहे. मर्यादित दायित्व, म्हणजे भागधारकाने भागभांडवलापुरतेच गमवावे आणि कंपनीच्या कर्जासाठी त्याच्या घरादाराला हात लागू नये ही व्यवस्था, भारतात 1857 च्या कायद्याने आली. परंतु छोट्या कारखानदाराकडून कर्जाच्या वेळी वैयक्तिक हमी घेतली जाते, आणि 1872 च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, हमीदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. त्यामुळे एका हाताने दिलेले संरक्षण दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. 2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली कंपनीची पुनर्रचना मंजूर झाली तरी हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये स्पष्ट केले. अशा माणसाला धैर्याचा उपदेश करणे ही त्याची थट्टाच होय.

दिवाळखोराला सवलत दिली तर बेफिकिरी वाढेल, हा आक्षेप वजनदार आहे. तथापि, लबाडीने मालमत्ता दडवणारा आणि बाजार फिरल्याने बुडालेला यांत भेद करणे हे न्यायसंस्थेचे नित्याचेच काम आहे आणि कर्ज देताना जोखीम तोलणे हा तर बँकेचा व्यवसायच आहे. दुसरे असे की अनेक छोटे धंदे तोट्याने नव्हे तर उधारीने मरतात. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकते करावेत, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे 2006 चा कायदा सांगतो. पण बड्या गिऱ्हाइकावर दावा केला तर पुढची मागणीच बंद होईल या भीतीने पुरवठादार गप्प बसतो. त्याला भित्रा ठरवणाऱ्यांनी त्याच्या मागणीवहीत एकच मोठे नाव असते, हे पाहिलेले नसते.

यावरून उद्योजकाचे कर्तव्य ठरते, आणि ते अपयशानंतरचे नसून आधीचे आहे: धंद्याचे व घराचे खाते वेगळे ठेवावे, राहते घर तारण देऊ नये, एकाच गिऱ्हाइकावर कारखाना टांगू नये आणि किती तोट्यावर थांबायचे हे धंदा चालू असतानाच लिहून ठेवावे. आपली मर्यादा गाठताच कारखाना बंद करणारा उद्योजक पराभूत मानला जातो. वस्तुतः दुसरा उद्योग काढण्याइतके भांडवल आणि बाजारातील पत त्याच्याकडेच शिल्लक असते. हमीपत्रावर सही करण्याचा प्रसंग आलाच, तर हमीची कमाल रक्कम आकड्यात लिहून घेतल्याशिवाय त्याने ती करू नये, आणि पत्नीची किंवा आईवडिलांची सही तर मुळीच देऊ नये.