पूल देणे आहे

गेल्या बुधवारी इथल्या वर्तमानपत्रात एक जाहीर सूचना आली. काउंटी रस्त्यावरचा आमचा लोखंडी पूल देणे आहे, किंमत शून्य. नेणाऱ्याने तो दुसरीकडे उभारावा, जुनं रूप राखावं, पुढची देखभाल करावी, एवढ्याच अटी. वाचून पोटात कालवलं.

इंडियानात आलो त्या वर्षी वाट चुकून मी त्या पुलावर पोचले होते. दोन्हीकडे मका, मध्ये ओढा, एका वेळी एकच गाडी जाईल एवढी रुंदी. चाकांखाली फळ्या धडधडत गेल्या आणि आपलं गाव आठवलं.

रविवारी मुद्दाम पाहायला गेले. रस्ता आता बंद आहे, पण काठावरून टोकाच्या सांध्याला हात लागतो. खालच्या लोखंडी पट्ट्यांना सुईसारखं नेढं असतं. अशी नेढी शेजारी शेजारी धरून त्यांतून मनगटाएवढी जाड खीळ ओवलेली आणि टोकाला नट. आपले सुतार छपराखाली कैची बांधतात, तिचाच हा थोरला भाऊ, ट्रस. थॉमस आणि केलेब प्रॅट या बापलेकांनी १८४४ साली पेटंट घेतलेल्या या रचनेत उभे खांब दाब सोसतात, तिरक्या पट्ट्या ताण. म्हणून खांब जाड, पट्ट्या सडपातळ. वजन कुठून कुठे जातं ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. नव्या काँक्रीटच्या पुलात मला ते कधी दिसलं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काउंटीचे कारभारी कंपन्यांच्या सूचीपत्रातून असे पूल निवडत. ओहायोत, कॅन्टनला आणि क्लीव्हलंडला, त्यांचे मोठे कारखाने होते. तुकडे रेल्वेने येत, घोडागाडीने ओढ्यापर्यंत जात, तिथे खुणा जुळवून खिळी ठोकायच्या. जो असा जोडला, तो तसाच सोडवताही येतो. मिशिगनमध्ये कॅलहून काउंटीने असे पूल बॅटल क्रीकपाशी आणून, दुरुस्त करून एका बागेत उभे केलेत. लोक त्यांवरून चालतात.

काउंटीची अडचण खरी आहे. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ लोखंड खातं, आणि आजची कापणी यंत्रं या पुलात मावत नाहीत. शिवाय एक महत्त्वाचा दांडा तुटला तर बाकीचे सावरत नाहीत. इथे इंडियानातच पाओलीला २०१५ च्या नाताळात सहा टनांची मर्यादा असलेल्या १८८० च्या पुलावर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला अजस्र ट्रक चढला आणि पूल कोसळला. रस्त्यावर नवा पूल हवाच. जुना भंगारात का जावा, एवढंच माझं म्हणणं आहे. केंद्राच्या पैशातून ऐतिहासिक पूल बदलताना पाडण्याआधी तो असा देऊ करावा, हे १९८७ च्या कायद्यातच आहे. जतनासाठीही काही खर्च मिळू शकतो.

माझ्या आजोळचा वाडा उतरवला तेव्हा सुतारांनी प्रत्येक तुळईवर खडूने आकडा टाकला होता. पुन्हा उभा करू, असं मामा म्हणायचे. पुढे सागवान विकलं गेलं, आकड्यांसकट.

आमच्या गावाबाहेर पायवाट आहे, ती याच ओढ्याशी येऊन थांबते. पलीकडे जायला वाट नाही. ओढ्याची रुंदी मी दोरीने मोजून आणली आहे. सोमवारी काउंटीच्या बैठकीत बोलायला तीन मिनिटं मिळतात. नाव नोंदवलंय.