खडा किडनीत, मग कळ जांघेत का येते?

वैशाखात नवीन जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो. लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपाशी पाळी करणाऱ्याचं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट होते आणि मुतखड्याला निमित्त मिळतं. कळ आली की अनेकांचं पहिलं निदान ठरलेलं, "उसण भरली." मग बाम, शेक, चोळून घेणं. दुखते कंबर आणि जांघ, खडा मात्र अडकलेला असतो मूत्रनलिकेत.

ही फसगत होते मज्जारज्जूत. किडनीकडून निघालेल्या संवेदी नसा छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या सुरुवातीच्या भागात मज्जारज्जूला मिळतात. कुशीची कातडी, तिथले स्नायू आणि जांघ यांचे निरोपही त्याच भागात पोचतात. 1980 च्या दशकात अमेरिकेत डब्ल्यू. एस. अ‍ॅमन्स यांनी मांजरं आणि माकडांच्या मज्जारज्जूतल्या एकेका पेशीची नोंद घेतली. किडनीच्या नसेला उत्तर देणाऱ्या पेशी कातडी-स्नायूंच्या संवेदनांनाही उत्तर देत होत्या. म्हणजे दोन घरांना मिळून एकच घंटा. मेंदूला रोज निरोप येतात ते कातडीचे, किडनीचे क्वचित. त्यामुळे तो दोष बाहेरच्या अंगावर टाकतो, असं मानलं जातं.

आणखी एक गैरसमज म्हणजे खडा टोचतो म्हणून दुखतं. खरं तर लघवी तुंबून आतला दाब वाढतो, भिंत ताणली जाते आणि नसा त्या ताणावर ओरडतात. म्हणून छोटा खडाही माणसाला लोळवतो, तर मोठा कधी कधी गुपचूप बसून राहतो.

या नसा फक्त दुखणं सांगत नाहीत, रक्तदाबही वर-खाली करतात. त्या निकामी करून रक्तदाब उतरवण्याच्या दोन उपकरणांना अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर 2023 मध्ये मंजुरी दिली. याच कल्पनेची 535 रुग्णांवरची मोठी चाचणी 2014 मध्ये फसली होती. नुसता देखावा केलेल्या गटापेक्षा खऱ्या उपचाराचा फायदा ठळक दिसला नव्हता. तेव्हा 'बीपी कायमचं बरं' अशी रील आली तर लगेच फॉरवर्ड करू नये.

उसण आणि खडा ओळखायचा कसा? उसण भरलेला माणूस हलायला घाबरतो. खड्याच्या कळेत माणूस एका जागी टिकत नाही, येरझाऱ्या घालतो, उलट्या होतात. सोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर बाम बाजूला ठेवून त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.