विश्लेषण : ‘फिशआय’ कॅमेऱ्याचे दृश्य ब्राउझरमधून बदलल्यास नेमके काय बदलते?

सोसायटीचे वाहनतळ, दुकान किंवा कार्यालयाच्या छताला लावलेला एकच ‘फिशआय’ कॅमेरा चारही बाजू टिपतो. त्याचे दृश्य ब्राउझरमधून हवे तसे फिरवता येते. मात्र पडद्यावरचे दृश्य बदलले म्हणून कॅमेऱ्याची नजर बदलत नाही. हा फरक दुर्लक्षिला, तर ऐनवेळी पुरावा हाती लागत नाही आणि शेजाऱ्याच्या खासगीपणावरही गदा येते.

चित्र वाकडे का दिसते?

फिशआय भिंग साधारण १८० अंशांचा परिसर पाहते. एवढे रुंद दृश्य सपाट सेन्सरवर उतरताना थाळीसारखे गोल होते आणि कडेच्या भिंती, माणसे वाकलेली दिसतात. सॉफ्टवेअर गणिताच्या आधारे ती सरळ करते. यालाच ‘डीवॉर्पिंग’ म्हणतात.

ब्राउझरमधून काय करता येते?

कॅमेऱ्याचा आयपी पत्ता टाकून लॉगइन केल्यावर आधी तो छतावर, भिंतीवर की टेबलावर बसवला आहे, हे निवडावे लागते. ही निवड चुकली तर चित्र आणखी विचित्र दिसते. त्यानंतर मूळ गोल दृश्य, लांबट पॅनोरमा किंवा चार स्वतंत्र चौकटी असे पर्याय मिळतात. माउसने चौकट फिरवली तरी कॅमेरा जागचा हलत नाही. त्याच चित्राचा दुसरा तुकडा दिसतो.

चेहरा ओळखू येईल का?

१२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर साधारण ४००० बाय ३००० बिंदू असतात. त्यात पूर्ण गोल बसवला, तर सुमारे ७० लाख बिंदूच कामी येतात. ते चार चौकटींत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम १८ लाख. झूम केल्याने नवा तपशील निर्माण होत नाही. त्यामुळे फाटकावर चेहरा किंवा वाहन क्रमांक टिपायला वेगळा साधा कॅमेराच हवा.

रेकॉर्डिंग कशाचे ठेवावे?

मूळ गोल चित्र साठवले, तर घटनेनंतरही कोणतीही दिशा सरळ करून पाहता येते. केवळ निवडलेल्या चौकटी साठवल्या, तर बाहेरचे कायमचे हुकते. पण याचीच दुसरी बाजू अशी, की शेजाऱ्याचे दार चौकटीतून वगळले तरी मूळ चित्रात ते नोंदले जातेच. तिथे कॅमेऱ्यातील ‘प्रायव्हसी मास्क’ वापरून तो भाग मूळ चित्रातच झाकायला हवा.

धोका कुठे आहे?

अनेक जुन्या कॅमेऱ्यांना ब्राउझरमध्ये प्लगइन लागते. क्रोमने २०१५ मध्येच जुन्या पद्धतीची प्लगइन बंद केली, तर इंटरनेट एक्स्प्लोररला जून २०२२ मध्ये निरोप मिळाला. तरीही कॅमेऱ्यासाठी जुना ब्राउझर सांभाळणे म्हणजे चोरासाठी खिडकी उघडी ठेवणे. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. म्हणूनच पासवर्ड बदलणे, फर्मवेअर अद्ययावत ठेवणे आणि कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा न ठेवणे आवश्यक ठरते.

दृश्य कोण पाहणार आणि ते किती दिवस ठेवणार, याचा निर्णय मात्र कोणतेही सॉफ्टवेअर घेत नाही. सोसायटीने तो सभेत घेऊन रहिवाशांना कळवलेला बरा.