साधा नाताळ, पण कोणासाठी?

सण साधेपणाने साजरे करावेत, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. हा उपदेश दरवर्षी होतो, आणि तो ऐकून घरी गेलेली माणसे दरवर्षी दोन पदार्थ अधिकच करतात. परंतु उपदेशाने जे होत नाही, ते कधीकधी अडचणीने होते.

२०२० सालचा नाताळ असाच अडचणीने साधा झाला. आमचे घराणे मूळचे गोव्याचे. बेळगावात ही तिसरी पिढी. धाकटा भाऊ सहकुटुंब कुवेतला असतो. त्यांची तिकिटे २२ डिसेंबरची होती, आणि २१ तारखेच्या रात्री कुवेतने विमानतळ व सरहद्दी बंद केल्या. इकडे कर्नाटकात २३ तारखेला रात्रीची संचारबंदी जाहीर झाली आणि २४ला मागे घेण्यात आली. खुद्द रोममध्ये पोपमहाशयांची नाताळची मिस्सा त्या वर्षी दोन तास अलीकडे आणावी लागली. आमच्याकडे सतरा माणसांचा बेत पाच माणसांवर आला.

आमच्या घरांतून नाताळचा फराळ, म्हणजे कुस्वार, हा आठ-पंधरा दिवसांचा व्याप असतो. दोदोलच घ्या. तांदळाचे पीठ, माडाचा काळा गूळ आणि नारळाचा रस कढईत पडला की तो कड सोडीपर्यंत तासन् तास हलवीत राहावे लागते. हात थांबला की तळाला लागलाच. बेबिंकेचे तर विचारूच नका. एक थर भाजून लाल झाल्यावाचून दुसरा ओतता येत नाही, आणि थर निदान सात तरी हवेतच! हे हात कोणाचे? घरातील बायकांचे. पुरुषमंडळी नक्षत्राचा कंदील टांगतात, गोठा मांडतात आणि 'यंदा साधेच करू या' म्हणतात. हा साधेपणा दिवाणखान्यापुरता असतो. स्वयंपाकघरापर्यंत त्याची वर्दी पोचत नाही.

त्या वर्षी मात्र ती पोचली. नेवऱ्या आणि दोदोल एवढ्यावरच थांबायचे ठरले. कढईपाशी सगळे पाळीपाळीने उभे राहिलो. चोवीस तारखेच्या संध्याकाळी आमच्या थोरल्या वहिनी खुर्चीवर स्वस्थ बसून नाताळची गाणी ऐकत होत्या. त्या दिवशी त्या वेळी त्यांना बसलेले पाहिल्याचे घरात कोणालाही आठवेना.

मग सगळेच बंद करावे काय? मुळीच नाही. काटकसरीचा कोयता नको तिथे आधी चालतो, हीच खरी भीती आहे. फराळ कमी झाला की पहिली गदा येते ती शेजाऱ्यांच्या ताटावर. नाताळला शेजारीपाजारी ताट पाठविण्याची गोव्याकडे रीत आहे. तिला कोंसुआद म्हणतात. दुखवट्याच्या घरी फराळ होत नाही, म्हणून तेथे तर ते आवर्जून जावे. २०२० साली अशी घरे थोडी नव्हती. दिवाळीत ज्यांच्याकडून करंज्या आल्या त्यांच्याकडेही आमच्या नेवऱ्या गेल्या. नेवरी ही करंजीचीच बहीण. ताटात दोनच जिन्नस होते, पण एकही घर वगळले नाही.

संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी नाताळचा देखावा मांडला, तेव्हा त्यात एक गव्हाण, थोडे गवत आणि बैल व गाढव एवढेच होते. आमच्याकडे गोठ्यापुढे नाचणी रुजवून हिरवे शेत करतात. खर्च मूठभर नाचणीचा. ज्या जन्माचा हा उत्सव, त्या बाळालाही धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती. तेव्हा थोडक्यात भागविणे हे या सणाला उणेपण आणीत नाही.

पुढे विमाने सुरू झाली, माणसे येऊ लागली, पदार्थांची यादीही पुन्हा वाढली. वाढो बापडी! माझे म्हणणे एवढेच की, यादी करताना दोन प्रश्न विचारावेत. हे सारे कोणाच्या हातांनी होणार? आणि यांतले उंबऱ्याबाहेर काय जाणार? या दोहोंची उत्तरे नीट असली, तर पदार्थ दोन असोत की दहा, नाताळ यथासांग झाला असे खुशाल समजावे.