त्या रात्री घराच्याच आहेत

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे दोघं जण हॉटेलच्या पॉइंटांबद्दल बोलत होते. एक म्हणाला, "पाच लाख झालेत, पण हात लावलेला नाही. मालदीवला पाण्यावरची खोली मिळाली तरच काढीन." दुसऱ्याने लगेच दुजोरा दिला, "पॉइंटला दोन सेंट सुटत नसतील तर द्यायचेच नाहीत." मी ताट घेऊन पुढे गेले. मला जे सांगायचं होतं ते रांगेत उभ्या-उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

मी अकरा वर्षं एका सल्लागार कंपनीत काम केलं. सोमवारी पहाटे साडेचारला दारात टॅक्सी, गुरुवारी रात्री उशिरा परत. ह्यूस्टन, मिनियापोलिस, शार्लट, जिथे काम असेल तिथे. थोरलीचं शाळेतलं नाटक मी हॉटेलच्या पलंगावर बसून फोनवर पाहिलं. धाकट्याचा कान ठणकत होता त्या रात्री त्याला मांडीवर घेऊन माझी आई बसली होती. सहा महिने आई-बाबा, ते परतले की सासूबाई आणि सासरे, मग पुन्हा आई-बाबा. आपल्यातल्या कितीतरी घरांचं वेळापत्रक असंच चालतं. डब्यातली पोळी, शाळेची बस, दिवेलागणीचं शुभंकरोती, सगळं त्या चौघांनी केलं. आणि बाहेर काढलेल्या प्रत्येक रात्रीचे पॉइंट माझ्या खात्यात पडत गेले. खातं माझ्या नावाचं आहे, पण ज्यांच्या जिवावर मी त्या रात्री बाहेर राहू शकले ती माणसं त्या खात्यात कुठेच नाहीत. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हे पॉइंट म्हणजे घरातून उचललेल्या रात्री आहेत. त्या घरालाच परत करायच्या, तिन्ही पिढ्यांनी एका जागी राहून, आणि घरातली वडीलधारी माणसं हिंडती-फिरती आहेत तोवर.

"फुकटचे आहेत, मग एकदा चैन करू" हे मला पटत नाही, कारण ते फुकटचे नाहीत. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली मैल देणारी योजना काढली आणि १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी हॉटेलांत तीच वाट धरली. योजना बेतलेली होती ती कामासाठी सतत फिरणाऱ्यांवर. खोलीचं बिल कंपनी भरते, पण कोणत्या हॉटेलात उतरायचं हे बहुधा प्रवासी ठरवतो, तेव्हा बक्षीस प्रवाशाच्या हातात द्यायचं. म्हणजे हा मोबदला घराबाहेर राहण्याचाच आहे. क्रेडिट कार्डावरून मिळालेल्या पॉइंटांची गोष्टही फार वेगळी नाही. तेही किराणा, पेट्रोल, मुलांच्या शिकवण्या अशा घरखर्चातूनच आलेले असतात.

साठवून ठेवण्यातही शहाणपण नाही. बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळतं, पॉइंटांवर मिळत नाही. त्यांची किंमत कंपनी ठरवते आणि तिला वाटेल तेव्हा बदलते. कोणत्या हॉटेलला किती पॉइंट लागतील याचा तक्ता मॅरियटकडे असायचा. मार्च २०२२ मध्ये तो गेला आणि आकडे मागणीप्रमाणे हलू लागले. हिल्टनने तर तक्ता त्याआधीच काढून टाकला होता. हिल्टन, हयात, मॅरियट, तिन्हीकडे २४ महिने खात्यात काही हालचाल झाली नाही तर पॉइंट जातात. आणि या योजनांची नियमावली उघडून पाहा. पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. जे आपलं नाही असं समोरचा लेखी सांगतो आहे, त्याची पुंजी कसली करायची?

आम्ही चुकलो ते इथेच. एका साखळीचं समुद्राकाठचं मोठं रिसॉर्ट आम्ही हेरून ठेवलं होतं. पाच रात्रींपुरते पॉइंट होत आले की तिथला दर चढायचा. दोनदा असं झालं. "पुढच्या वर्षी नक्की" म्हणता म्हणता तीन वर्षं गेली, आणि त्या तीन वर्षांत सासरे गेले. त्यांना समुद्राची फार ओढ होती. दादरला राहायचे तेव्हा रोज संध्याकाळी जेवणाआधी चौपाटीपर्यंत पायी जाऊन यायचे, पावसाळ्यातसुद्धा. त्यांना समुद्राकाठी नेण्याइतके पॉइंट आमच्याकडे तेव्हाही होते. आम्हाला हवी होती ती खोली तेवढी त्यात बसत नव्हती.

पॉइंटला किती सेंट मिळाले, हा हिशोब नेमका इथे फसवतो. समजा तुमच्याकडे तीन लाख पॉइंट आहेत. नामांकित रिसॉर्टमध्ये एका रात्रीला ६० हजार पॉइंट लागतात आणि रोख भाडं ९०० डॉलर आहे. पॉइंटला दीड सेंट मिळाले. दुसरीकडे एका साध्या, पण स्वयंपाकघर असलेल्या जागी ३० हजार पॉइंट लागतात आणि भाडं ३३० डॉलर आहे. पॉइंटला जेमतेम एक सेंट आणि वर चिल्लर. कागदावर पहिला सौदा सरस. पण तो दर ज्या ९०० डॉलरांवर काढला, तेवढे आपण एका रात्रीला खिशातून कधीतरी दिले असते का? आणि मुख्य म्हणजे पहिल्या सौद्यात आई-बाबा बसतच नाहीत. एका खोलीत साधारण चार माणसं चालतात. सहा जणांना दोन खोल्या लागतात. मग तीन लाखांत तिथे जेमतेम दोन रात्री होतात. दुसऱ्या जागी त्याच पॉइंटांत दोन खोल्या, पाच रात्री. मला हिशोबाचं एकच एकक मान्य आहे: किती माणसं किती दिवस एकत्र राहिली.

आता समुद्राकाठीच जायचं तर बेट कोणतं? मालदीवबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, पण सत्तरीतल्या माणसांना घेऊन जाताना नुसती खोली पाहून चालत नाही. तिथे विमानतळापासून रिसॉर्टच्या बेटावर नेणाऱ्या सीप्लेनचे किंवा बोटीचे पैसे वेगळे, रोखीने, आणि ते माणशी शेकडो डॉलरपर्यंत जातात. शिवाय आपल्यातल्या ज्यांच्या पासपोर्टवरचा एच-वनचा शिक्का संपला आहे, त्यांनी देशाबाहेर पाऊल टाकलं की परतण्यासाठी वकिलातीची तारीख शोधत बसायचं. म्हणून मी हवाई सुचवते. ते १९५९ पासून अमेरिकेचं राज्य आहे. इथे येऊन राहिलेल्या आई-वडिलांना तिथे जायला नवा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट जवळ ठेवला की झालं. सॅन फ्रान्सिस्कोहून पाच-साडेपाच तासांचं विमान. पूर्व किनाऱ्यावरच्यांना प्रवास लांबचा पडतो हे खरं, त्यांनी पोर्तो रिकोचा विचार करावा, तेही देशांतर्गतच.

विमानाच्या तिकिटांसाठी हॉटेलचे पॉइंट मोडू नका. मॅरियटचे तीन पॉइंट दिले की बहुतेक विमान कंपन्यांत एक मैल मिळतो. तिकिटं पैशांनी काढा, राहणं पॉइंटांवर.

खोली पॉइंटांवर घेतली म्हणजे बिल शून्य, असं समजून कुणी निघू नये. हवाईतल्या बऱ्याच हॉटेलांत रोजची रिसॉर्ट फी असते, आणि ती खोलीमागे असते. सगळ्या रात्री पॉइंटांवरच असतील तर हिल्टन आणि हयात ती घेत नाहीत, मॅरियट मात्र घेतं. दोन खोल्या, पाच रात्री आणि रोजची ५० डॉलर फी धरली तर ५०० डॉलर झाले. गाडी लावण्याचे पैसे वेगळे. उलट मॅरियटमध्ये पाच रात्री घेतल्या की चारच रात्रींचे पॉइंट लागतात, ही सोय साध्या सभासदालाही आहे. हिल्टनमध्ये त्यासाठी किमान सिल्व्हर दर्जा लागतो. हे दोन्ही एकत्र मांडल्याशिवाय कुठलं हॉटेल स्वस्त ते कळत नाही. आणि स्वयंपाकघर शोधा. माउईवर वायलेआला रेसिडन्स इन आहे, काउआईवर प्रिन्सव्हिलला वेस्टिनचे व्हिला आहेत, अशा जागा पॉइंटांवर मिळतात. ज्यांना पहाटे सहाला चहा लागतो आणि रात्री वरण-भात, त्यांच्या दृष्टीने शेगडी पोहण्याच्या तलावापेक्षा मोलाची.

ज्येष्ठांना नेताना पॉइंटांची आणखी एक बाजू फार उपयोगी पडते. आरक्षण मुदतीत रद्द केलं तर पॉइंट परत येतात. रक्तदाब, गुडघा, भारतातलं एखादं अचानक निघालेलं कार्य, काहीही होऊ शकतं. मुदत प्रत्येक हॉटेलची वेगळी, रिसॉर्टची सहसा लांबलचक. आरक्षण करतानाच ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून टाकावी.

आम्ही शेवटी जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन काउआईला गेलो, उत्तर किनाऱ्यावर. हिवाळ्यात तिथला समुद्र उसळलेला असतो, उन्हाळ्यात हनालेईचा उपसागर शांत असतो आणि म्हाताऱ्या माणसांना कमरेएवढ्या पाण्यात निवांत उभं राहता येतं. प्रिन्सव्हिलच्या वळणावरून खाली हनालेईचं खोरं दिसतं. बाबा गाडीतून उतरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही आपली खाचरं." पाण्याने भरलेले चौकोन, मधे बांध, मागे हिरव्या डोंगरावरून उतरणारे धबधबे. बाबा सावंतवाडीचे. फरक एवढाच, की त्या खाचरांत भात नव्हता, अळू होता. हवाईयन लोक त्याला कालो म्हणतात, ते त्यांचं मूळ अन्न आहे, आणि राज्यातला बराचसा अळू याच खोऱ्यात पिकतो.

शनिवारच्या बाजारात आईने अळूच्या पानांची जुडी उचलली. विकणाऱ्या बाई तिला इंग्रजीत सांगू लागल्या की तासभर तरी शिजव, नाहीतर घसा खाजेल. आणि आई मराठीत म्हणत होती, मला माहीत आहे हो, म्हणून तर चिंच आणली आहे. दोघींना एकमेकींचं नीट कळलं. त्या रात्री आम्ही फतफतं आणि भात खाल्ला. मुलांना कुलोलो आवडला. अळूचा कंद किसून नारळाच्या दुधात आणि साखरेत शिजवलेली वडी. तिथला उलू म्हणजे आपला नीरफणस, तिथल्या माळांतलं पिकाके म्हणजे मोगरा, आणि चाफा तर जागोजागी. एके सकाळी वायलुआ नदीकाठच्या हिंदू मठात पूजेला गेलो. तिथलं पांढऱ्या ग्रॅनाइटचं इराइवन मंदिर भारतात हाताने घडवून बेटावर आणून उभारलं आहे. २०२३ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. आई तिथून लवकर निघायला तयार नव्हती. नामांकित रिसॉर्टच्या एका खोलीत यातलं काय झालं असतं, ते मी पुन्हा पुन्हा मनाशी ताडून पाहिलं.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. ऑगस्ट २०२३ मध्ये माउईवरचं लाहायना जळून गेलं, शंभराहून जास्त माणसं गेली. पर्यटकांच्या गर्दीने घरं परवडेनाशी झाली, ही तिथल्या लोकांची तक्रार त्याही आधीची आहे. अशा ठिकाणी पॉइंटांवर राहायला जावं का? २०२६ पासून हवाईने हॉटेलवरचा कर थोडा वाढवला आहे, हवामान आणि निसर्गाच्या कामांसाठी. पॉइंटांवर राहणाऱ्याच्या बिलात हा कर सहसा येतच नाही. म्हणजे आपण त्या बेटाचं काही देणं लागतो. माझं उत्तर असं, की भाड्याचे वाचलेले पैसे तिथेच, तिथल्या माणसांच्या हातात खर्च करावेत. भाजी बाजारातून घ्यावी, फिरायला तिथलाच वाटाड्या घ्यावा, जेवण हॉटेलच्या आवाराबाहेर करावं. पॉइंटांवर जाऊन त्यात पुन्हा काटकसर करणं मला बरं वाटत नाही.

ज्यांच्याकडे एकट्याचे पॉइंट पुरत नाहीत त्यांनी भावंडांत बोलावं. हिल्टनमध्ये ११ जणांपर्यंत पॉइंट एकत्र करता येतात, त्याचे पैसे पडत नाहीत. आई-वडिलांच्या पंच्याहत्तरीला हॉल घेऊन दोनशे माणसं जेवू घालतो आपण, त्यांच्याशी नीट बोलायला मिळत नाही. त्याऐवजी बहीण, भाऊ, नातवंडं पाच दिवस एका छताखाली राहिली तर ते त्यांना जास्त पोचेल.

सासूबाई नोव्हेंबरात येत आहेत. उरलेल्या पॉइंटांत माउईवर चार रात्री होतात, दोन खोल्या, आरक्षण झालं आहे. परवा फोनवर त्यांना चित्रं दाखवत होते, सज्जा, तलाव, बाग. त्यांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, खोलीतून समुद्र दिसला नाही तरी चालेल, पण संध्याकाळी जेवणाआधी पायी जाऊन येता येईल ना?