दोन ओळींचा पॅच

शनिवारी सकाळी पोहे खाता खाता ऑफिसचा एक पॅच उघडला. आमच्या फाइलसिस्टिमच्या कोडमधला. दोन ओळी गेल्या, एक आली. आधी 'केमॅलॉक'ने मेमरी घेऊन 'मेमसेट'ने ती शून्यांनी भरली जायची, त्याजागी एकच 'केझॅलॉक'. खाली शेरा: 'वागणुकीत काही फरक नाही.'

लिनक्समध्ये केझॅलॉक २००५ साली आलं, आणि तेव्हापासून असे पॅच कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत आलेत. नवख्याला कर्नलमध्ये पाय ठेवायला बरे पडतात. बघणारा म्हणतो, "यात काय बघायचंय?" आणि ओके ठोकतो. मीही ठोकणारच होतो.

माझं म्हणणं असं, की अशा पॅचला एक प्रश्न विचाराच : ही मेमरी पुढे कोण वाचणार?

कर्नलमध्ये मेमरी मिळते ती भाड्याच्या खोलीसारखी, आधीच्या भाडेकरूचा पसारा आत तसाच. कुणाचा पासवर्डसुद्धा असू शकतो. आणि फाइलसिस्टिमचं तर कामच मेमरीतलं उचलून डिस्कवर लिहिणं! एक्स्ट२ चंच घ्या. नवीन डिरेक्टरीच्या ब्लॉकमध्ये सुरुवातीला दोनच नोंदी असतात, एक टिंब आणि दोन टिंबं. मिळून २४ बाइट. ब्लॉक ४०९६ चा असेल तर उरलेले ४०७२ बाइट कोणी पुसतच नव्हतं. म्हणजे तुम्ही डिरेक्टरी केलीत की कर्नलच्या मेमरीचा तुकडा डिस्कवर. तोच पेनड्राइव्ह मित्राला दिलात की संपलं. मार्च २००५ मध्ये २.६.११.६ ने हे दुरुस्त केलं, एका मेमसेटने. शहाणपण आलं म्हणावं, तर २०१९ मध्ये एक्स्ट४ च्या एक्स्टेंट ट्रीमध्ये त्याच जातीची चूक सापडली!

मग सगळीकडे शून्यच भरा की? २०१९ च्या ५.३ पासून कर्नलमध्ये तशी सोयही आहे. मला हे अर्धंच पटतं. शून्य म्हणजे रिकामं नव्हे. एक्स्ट२ मध्ये ब्लॉक नंबर शून्य म्हणजे फाइलमधलं भोक, आणि यूजर आयडी शून्य म्हणजे साक्षात रूट. मालक भरायला विसरलात तर कचरा निदान कधीतरी बोंब मारतो. शून्य गपचूप फाइल रूटच्या नावावर करून टाकतं. २०२२ मध्ये ६.१ सोबत आलेलं केएमसॅन न भरलेली मेमरी वापरली की पकडतं, पण शून्य भरलेलं असलं की त्यालाही सगळं आलबेल.

असो. तर माझे पोहे गार झाले, कारण जुन्या मेमसेटमध्ये साइझ स्ट्रक्चरचा नव्हता, पॉइंटरचा होता. आठच बाइट शून्य होत होते, बाकीचा पसारा डिस्कवर जात होता. म्हणजे 'काही फरक नाही' म्हणणारा पॅच नकळत बग मारत होता. पोराला लिहिलं, "शेरा बदल, आणि जुन्या व्हर्जन्सनाही हा लाव." त्याचं उत्तर आलं, "सर, मी तर फक्त साफसफाई करत होतो."