निवडणुकीचा पंच कोणाचा?

घरांत वांटणीचा प्रसंग आला म्हणजे पंच बाहेरचा बोलवावा, हें आपल्या वडीलधाऱ्या मंडळींस पुरतें ठाऊक असतें. पंच एका वांटेकऱ्याचाच कारभारी असला, तर निवाडा कितीहि चोख असो, दुसऱ्याची खात्री पटत नाहीं.

राज्यघटनेनें हेंच ओळखून ३२४ व्या कलमान्वयें मतदारयाद्या व लोकसभा-विधानसभांच्या निवडणुका स्वतंत्र आयोगाकडे सोंपविल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास पदावरून काढणें जितकें कठीण, तितकेंच मुख्य आयुक्तासहि. परंतु त्या पदावर अयोग्य मनुष्य बसूं नये याची तजवीज काय, ही शंका डॉ. आंबेडकरांनीं जून १९४९ मध्यें घटनासमितींतच बोलून दाखविली होती.

ती अनाठायीं नव्हती. पंचायती व नगरपालिका यांकरितां १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनीं प्रत्येक राज्यास निराळा निवडणूक आयुक्त दिला. गोवा सरकारनें तें काम आपल्या विधिसचिवाकडेच जादा कार्यभार म्हणून दिलें! मार्च २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही घटनेची थट्टा ठरविली आणि सरकारी सेवेंतील व्यक्ति या पदावर नसावी, असा दंडक सर्व राज्यांस घातला.

केंद्रांत मार्च २०२३ मध्यें न्यायालयानें निवडसमितींत पंतप्रधान व विरोधी पक्षनेता यांच्यासह सरन्यायाधीशांस बसविलें. डिसेंबरच्या कायद्यानें त्यांच्या जागीं मंत्री आला. तिघांत दोघे सरकारचेच झाले.

तेव्हां सुज्ञ कुटुंबांनीं केवळ निकालाच्या दिवशीं नव्हे, तर नेमणुकीच्या दिवशींहि वर्तमानपत्र लक्षपूर्वक वाचावें.